सुमनबाई बसल्या की वजन हलतं

“बापू, मला लांबड नको. बाई चोरी करती का न्हाई, एवढंच सांगा.”

दूध सोसायटीच्या ओट्यावर उभे राहून चेअरमन मला हे म्हणाले, तेव्हा मी कॉम्प्युटरचा एक स्क्रूसुद्धा सोडला नव्हता. सकाळचे साडेसहा वाजले होते. कॅन घेऊन आलेली माणसं रांगेत होती आणि सगळे आमच्याकडे बघत होते. मी म्हणालो, “चेअरमन, मशीन खोटं बोलत न्हाई. मी बघतो आन् सांगतो.”

हे मी फार रुबाबात म्हणालो होतो. म्हणून आधी माझी ओळख देतो.

संगमनेरला स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर आले तर ते. मला कोणी शिकवलं नाही. दुकानात भिंतीवर सर्टिफिकेट नाही, तरी सर्टिफिकेटवाल्यांनी हात टेकलेली मशीनं माझ्याकडं येतात. आणि माझा स्वभाव संशयी आहे, हेही लपवत नाही. या धंद्यात तो लागतो. कीबोर्डवर चहा सांडलेला माणूस “आपोआप बंद पडला” असंच सांगतो. मी कीबोर्ड उलटा करतो आणि वास घेतो.

सोसायटीतलं काम साधं असतं. शेतकरी दूध आणतो. ते काट्यावर ठेवलेल्या भांड्यात ओततात. काट्यातून एक वायर कॉम्प्युटरला जाते, वजन स्क्रीनवर येतं. सेक्रेटरी एक बटण दाबते, पावती निघते. कुणाला हातानं आकडा लिहायचा नसतो. भांडण नको म्हणूनच ही सोय आणलेली.

पण गेल्या काही आठवड्यांपासून वजन उड्या मारत होतं. सहा लिटर दूध ओतलं तर एकदम साडेसहा दिसायचं, पुन्हा ओतलं की साडेपाच. आणि गंमत अशी, की हे फक्त सेक्रेटरी सुमनबाई खुर्चीवर बसल्या की व्हायचं. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मापाडी सोपान बसायचा, तेव्हा आकडा दगडासारखा स्थिर. गावानं यातून काय अर्थ काढायचा तो काढला. शनिवारी मीटिंग होती. माझा रिपोर्ट तिथं वाचला जाणार होता आणि त्यावर बाईंना ठेवायचं का काढायचं ते ठरणार होतं. चोर म्हणून काढलं असतं तर बाईंना दुसरीकडं कुणी उभं केलं नसतं. त्यांची मुलगीही त्याच गावात दिलेली.

माझ्याबरोबर रंजना होती. संगमनेरच्याच एका इन्स्टिट्यूटमधून सहा महिन्यांसाठी माझ्याकडं शिकायला पाठवलेली. वय बत्तीस, दोन पोरांची आई. कोर्सवाल्यांनी तिला एक छापील कागद दिला होता. कस्टमरशी कसं बोलायचं, तक्रार त्याच्या शब्दांत कशी लिहायची, मशीन उघडायच्या आधी काय काय तपासायचं, असलं सगळं त्यात होतं. ती तो कागद वहीत ठेवायची आणि दिवसभर वहीत लिहायची. मी कोणता स्क्रू कुठं ठेवतो तेही लिहायची. मला खात्रीच होती, की ही सहा महिन्यांनी माझ्यासमोरच दुकान टाकणार.

तर त्या गुरुवारी मी कॅबिनेट उघडलं. धूळ काढली. रॅम काढून पुसून बसवली. काट्याची वायर नवी टाकली. सॉफ्टवेअरमध्ये कुणी हात घातलाय का ते बघितलं, तर पासवर्ड चेअरमनकडं, आतलं सगळं जिथल्या तिथं. मी काम करत होतो तेव्हा रंजना सुमनबाईंशी बोलत बसली होती.

“ताई, नेमकं काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगा.”

“काय सांगू? आकडा हलतो. आन् कधी कधी हाताला मुंग्या येतात.”

“कोणत्या हाताला?”

“उजव्या. टेबलाला लागला की.”

रंजनानं लिहिलं. मी मान वर न करता म्हणालो, “बाई, मुंग्यांसाठी डॉक्टर हाय. मी मशीनवाला हाय.” रांगेतली दोनचार माणसं हसली. सुमनबाईंनी चहासुद्धा विचारला नाही, ते मी मनात नोंदवलं. निर्मळ माणूस चहा विचारतो, असा माझा हिशोब.

मग मी परीक्षा घेतली. सोपानला बसवलं. दहा माणसांचं दूध मापलं, आकडा चोख. सुमनबाईंना बसवलं. तिसऱ्याच माणसाला आकडा चारशे ग्रॅमनं उडाला. रांगेतून कुणीतरी म्हणालं, “बघा, बघा.” मी त्यांच्या हातांकडं टक लावून बघत होतो. एक हात बटणावर, एक टेबलाच्या कडेला. काही करताना दिसत नव्हत्या. म्हणजे काहीतरी लपवून करतायत, असं मी धरलं.

चेअरमनना रांगेसमोरच सांगितलं, “मशीन चोख हाय. वायर नवी टाकली. दोष खुर्चीवर हाय.”

“मग तसं लिहून द्या.”

“देतो.”

लिहायचं म्हणजे रंजनानं. माझं अक्षर मलाच लागत नाही. तिनं जॉबकार्ड काढलं, म्हणजे आमचा कामाचा कागद. काय तपासलं ते एकेक लिहिलं. आणि थांबली.

“लिही, ऑपरेटरची चूक.”

“बापू, आपण सप्लाय बघितलाच न्हाई.”

“लाईट लागतीय, पंखा फिरतोय. अजून काय बघायचं?”

“अर्थिंग.”

चेअरमन ऐकत होते. गिऱ्हाईकासमोर शिकाऊ बाईनं मला थांबवावं, हे मला झेपलं नाही. मी म्हणालो, “गाडीवर बस.” कागद तसाच राहिला. चेअरमन मागून म्हणाले, “शनिवारच्या आत पाठवा बरं का, बापू.”

घारगावच्या अलीकडं टपरीवर चहाला थांबलो तेव्हा तिच्या पिशवीत स्टीलचा डबा दिसला.

“हे काय?”

“खरवस. सुमनताईंनी दिला. गाय व्यालीय त्यांची.”

“आस्सं. म्हणून अर्थिंग आठवलं व्हय.”

तिनं डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. “तुमच्यासाठीच दिलाय. म्हणाल्या, त्या रागीट म्हाताऱ्याला द्या, त्यांना समोर दिला तर घेणार न्हाईत.”

मी खाल्ला नाही. खाल्ला असता तर लाच घेतल्यासारखं झालं असतं. रंजनानं सगळा खाल्ला आणि बोटं पुसत म्हणाली, “बापू, तुम्ही मीटर लावा. रीडिंग बरोबर आलं तर ऑपरेटरची चूक मी माझ्या हातानं लिहीन आणि खाली माझीपण सही करीन.”

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा गेलो. बाईंसाठी नव्हे. रंजनाला खोटं पाडायला गेलो, हे कबूल करतो.

अर्थिंग म्हणजे काय ते सांगतो. प्लगला तीन पिना असतात. दोन पिनांतून वीज येते-जाते. तिसरी, जाडी पिन जमिनीची. इमारतीच्या मागं खड्डा करून त्यात मीठ-कोळसा घालून लोखंडी पाईप पुरलेला असतो आणि त्याला तार बांधून ती आत आणलेली असते. मशीनच्या पत्र्यावर थोडीफार वीज झिरपते. ती या वाटेनं जमिनीत जाते. वाट बंद झाली तर ती पत्र्यावरच साचून राहते. मशीन चालतं, लाईट लागते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

मी मल्टिमीटर लावला. एक पिन न्यूट्रलच्या भोकात, दुसरी अर्थिंगच्या. आकडा दोन-तीन व्होल्टच्या आसपास यायला हवा. मीटरवर शंभराच्या वर आकडा उभा होता. मी मीटर हलवला. दुसऱ्या प्लगला लावला. तिथंही तेच. रंजना शेजारी उभी होती. मी तिला म्हणालो, “पण मग सोपान बसल्यावर का हलत न्हाई? अर्थिंग सगळ्यांना सारखंच की.”

तिनं बोटानं खाली दाखवलं.

त्या सकाळी खुर्चीवर सोपानच होता. त्याच्या पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट होते. मापाडी दिवसभर ओल्यात उभा असतो, म्हणून ते घालतो. सुमनबाईंच्या चपला दाराबाहेर होत्या. त्या रोज कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावायच्या आणि त्याच्यापुढं चप्पल घालून बसायच्या नाहीत. अनवाणी पाय ओल्या फरशीवर आणि हात लोखंडी टेबलाला. टेबलाला चिकटून कॉम्प्युटरचं कॅबिनेट. पत्र्यावर साचलेल्या विजेला जमिनीत जायला त्यांच्या अंगातूनच वाट मिळत होती. हात लागला की काट्याच्या वायरीतला आकडा दचकायचा. मुंग्या येत होत्या त्या याच्याच. बाईंनी गुरुवारीच सांगितलं होतं आणि मी त्यांना डॉक्टरकडं पाठवत होतो.

तरी माझा हट्ट. म्हणालो, “सोपान, ऊठ. मी बसतो.” बूट काढले, मोजे काढले, पाय फरशीवर टेकवले. सोपाननं भांड्यात दूध ओतलं. मी टेबलाच्या कडेला हात लावला. बोटांत सळसळलं आणि आकडा उडाला.

चेअरमन दारात उभे होते. त्यांना म्हणालो, “आता मी चोर व्हय?”

ते हसले नाहीत. “असं कसं? आधी तर कधी झालं न्हाई.”

“आधी म्हंजे कधीपर्यंत?”

उत्तर सुमनबाईंनी दिलं. “पेव्हर बसवले तोपर्यंत.”

आम्ही मागच्या अंगणात गेलो. तिथं नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते, लाल आणि पिवळे, एकदम झकास. सोपान एका जागी थांबला. “बापू, इथं पाईप हुता. उन्हाळ्यात मी त्याच्यात पाणी ओतायचो.”

“कुठं गेला?”

सोपाननं चेअरमनकडं बघितलं. चेअरमन म्हणाले, “गंजका पाईप हुता. वीतभर वर आलेला. उद्घाटनाला पाव्हणे येणार, पायात यायचा. पोरांना म्हणलं, उडवा.”

पोरांनी पाईप जमिनीबरोबर कापला होता. त्याला बांधलेली तार मधे येत होती, तीही तोडली. वर वाळू आणि ब्लॉक. चार ब्लॉक उचलले तर तारेचं टोक वाळूत सापडलं. सोपाननं खणून पाईपचं तोंड मोकळं केलं. मी नवा क्लँप घट्ट आवळला, तार जोडली, दोन बादल्या पाणी आणि मीठ ओतलं. आत येऊन मीटर लावला. दोनाच्या आत. सुमनबाईंना अनवाणीच बसायला सांगितलं. संध्याकाळच्या सगळ्या रांगेचं दूध मापून झालं, आकडा एकदाही हलला नाही. मी पूर्ण वेळ त्यांच्या मागं उभा होतो.

मला वाटलं, काम संपलं. रिपोर्ट बदलून देऊ, निघू. चेअरमन म्हणाले, “बापू, असं लिहा की मशीनमध्ये किरकोळ बिघाड हुता, दुरुस्त केला. पाईपचं वगैरे कशाला.”

रंजनानं पेन उघडलं आणि माझ्याकडं बघितलं. खरं सांगतो, मला ते सोयीचं होतं. किरकोळ बिघाड लिहिलं असतं तर गुरुवारची माझी चूकही त्यात गेली असती.

तेवढ्यात सुमनबाई पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलल्या. “तुमी काल रांगेसमोर काय म्हणला ते सगळ्या गावानं ऐकलं. माझ्या व्याह्यांनी पण. कागदावर काय लिहायचं ते लिहा. पण उद्या मीटिंगला या आन् तोंडानं सांगा.”

“येतो की न्हाई ते बघतो,” मी म्हणालो.

गेलो. सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे सतरंजीवर बसलेले. रंजनानं कागद वाचला. पाईप, तार, पेव्हर, मीटरचे आकडे, बाईंची मुंग्यांची तक्रार गुरुवारीच दिलेली, सगळं त्यात होतं. खाली माझी सही, मोठ्या अक्षरांत. मग मी उभा राहिलो. भाषण येत नाही. म्हणालो, “गुरुवारी मी बाईंवर संशय घेतला. मीटर न लावता घेतला. चूक माझी. बाईंचा यात काही दोष न्हाई.” आणि बसलो.

मागून एक म्हातारा म्हणाला, “बापू, मग पेव्हरचं काय?” हॉल हसला. चेअरमन पण हसले, जरा उशिरा. बाई सेक्रेटरी राहिल्या. त्यावर मत घ्यायची वेळच आली नाही. माझ्याशी त्या अजून कामापुरतंच बोलतात, आणि त्यात मला त्यांची चूक दिसत नाही.

रंजनाचे सहा महिने संपले. समोर दुकान टाकलं नाही, माझ्याच दुकानात राहिली. का राहिली याचा मला अजून थोडा संशय आहेच. आता आमच्याकडं मशीन आलं, की तक्रार गिऱ्हाईकाच्या शब्दांत कागदावर उतरते. कितीही वेडीवाकडी असली तरी तशीच. ती लिहिते. मी वाचून होईपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही, असं ठरलंय. मला वाचायला वेळ लागतो. गिऱ्हाईक थांबतं.