बुरुजावरची बाई आणि सोलापुरी चादर

एका इंग्रजी रॉक बँडवरून सोलापुरात सगळ्यात जास्त कोण भांडलं असेल, तर मी आणि माझा दोस्त. खरं तर आम्ही दोघंच भांडलो, कारण तिसऱ्या कुणाला त्यात काडीचा रस नव्हता. सत्तरचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. मी कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होतो, त्यामुळे जगातलं सगळं साहित्य आपल्याला कळतं असा माझा ठाम समज होता. दोस्त शाळेपासूनचा, घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांपैकी. मॅट्रिक झाल्यावर तो वडिलांच्या हाताखाली चादरींचे ग्राफ काढायला बसला. चादरीवर मोर उठवायचा तर आधी तो चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढावा लागतो. मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि ते पुठ्ठे मागावर चढतात. दोस्तानं काढलेला मोर मोरासारखाच दिसायचा, आणि त्या धंद्यात ही मोठी गोष्ट होती.

बँडची तबकडी त्याच्या मामानं मुंबईच्या फुटपाथवरून आणली होती. बँडचं नाव मी सांगत नाही. आज ते कुणाला आठवत नाही, आणि आठवत असलंच तर तो माणूस नव्यानं वाद घालायला माझ्या दारात येईल. कव्हरवर एक बुरूज, बुरुजावर दिवा घेऊन उभी असलेली बाई आणि खाली काळा समुद्र. मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द बारीक अक्षरांत छापलेले. तबकडी होती, पण ती वाजवायला यंत्र नव्हतं. पहिले आठ दिवस आम्ही नुसते शब्द वाचून भांडलो. गाणं न ऐकता त्याच्या चालीवरून अबोला धरलेले आम्ही पहिलेच असू.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्यानं देणारे चाचा होते, त्यांना दया आली. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा ते आम्हाला दुकानातलं यंत्र वापरू द्यायचे. दोन गाणी झाली की म्हणायचे, "बस करो रे बाबा, कान पक गये." आम्ही उरलेला वाद बाहेर फळीवर बसून घालायचो. समोरच्या मागांच्या खडखडाटात तो ओरडूनच घालावा लागायचा, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, ह्यांचं आता हातघाईवर येणार.

दोस्ताचं लक्ष वाजवण्याकडे. गिटार कुठून आली, हे त्यानं कुठल्याशा जुन्या मासिकात वाचून ठेवलं होतं. "अमेरिकेत कापसाच्या शेतात राबनाऱ्या काळ्या मान्सांची गानी हायती बे ही. ह्यांनी तिथनं घेतली. कापसातनं आलेलं गानं, म्हंजे आपलंच झालं की." मधेच लांबलचक वाजणारी पेटी, म्हणजे ऑर्गन, चर्चमधल्या प्रार्थनेची, असंही तो सांगायचा. आणि ढोल वाजवणाऱ्यानं लहानपणी माग ऐकलेला असणार, यावर तर तो पैजच लावायला तयार होता.

मी शब्दांचा माणूस. बुरुजावरच्या बाईचं जे गाणं होतं, ते आमच्या अभ्यासक्रमातल्या एका जुन्या इंग्रजी कवितेवरून उचललेलं आहे, असं मी जाहीर केलं. तिच्यातही बुरूज होता, बाई होती, परत न येणारा नवरा होता. "सरळ चोरी आहे," मी म्हणायचो. "चोर आहेत तुझे हे लोक." मला तो शब्द फार आवडायचा. तो उच्चारताना आपण न्यायाधीश आहोत असं वाटायचं.

"वाट बघनारी बाई काय इंग्रजांनीच काढली का बे?" दोस्त म्हणायचा. "आमची आई सुताच्या कांड्या भरताना म्हनती त्या गान्यात पन दिवा घेतलेली बाई हाय."

एकदा हे भांडण आम्ही त्याच्या घरी नेलं. त्याचे वडील खिडकीपाशी ग्राफवर वाकलेले. माझं चोरीचं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समोरचा कागद माझ्याकडे सरकवला.

"ह्यो मोर बघ. बनारसच्या साडीवरनं घेतलाय. ही वेल बिस्किटाच्या डब्यावरनं. बुट्टा सगळेच बघून काढत्यात. पन ही किनार हाय का, ही माझी. बाजारात किनार बघून वळखत्यात, ग्राफ कुनाचा ते."

"आणि मोर बनारसचा आहे, हे तुम्ही लोकांना सांगता का, काका?"

"इचारलं तर सांगतो. न्हाई इचारलं तरी सांगतो. त्यात लाजायचं काय?"

दोस्तानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मी म्हटलं, चादर वेगळी आणि साहित्य वेगळं. एवढं म्हणून मी त्यांच्याकडचा चहा पिऊन घरी आलो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. सांगायला आजही जड जातं. त्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी कविता देणार, असं मी वर्गात छाती फुगवून सांगून बसलो होतो. कविता काही येईना. शेवटच्या दिवशी, कव्हर माझ्याकडे वाचायला होतं, तेव्हा मी ते बुरुजावरच्या बाईचं गाणं मराठीत उतरवलं आणि खाली आपलं नाव टाकलं. ओळीला ओळ. काही म्हणजे काही बदललं नाही. बुरूज तसाच, समुद्रही तसाच. पाण्याच्या नावानं मी तोवर फक्त सिद्धेश्वराचं तळं पाहिलेलं, पण माझ्या कवितेत लाटा खडकावर डोकं आपटत होत्या. अंक बघणारे प्राध्यापक म्हणाले, तुमचा समुद्र फार जिवंत उतरलाय हो. कोकणात असता का सुट्टीत? मी हसून मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही म्हणाली, हे त्यांनीच ठरवावं अशी सोय ठेवली.

त्याच आठवड्यात चाचांच्या फळीवर बसून मी दोस्ताला पुन्हा एकदा पटवून दिलं, की बँड चोर आहे.

कविता निवडली गेली, आणि ती स्नेहसंमेलनात माइकवरून वाचायची असंही ठरलं. मी नवा शर्ट शिवून घेतला. एवढा विचार केला, पण कॉलेजला लाउडस्पीकर कोण पुरवतं, हा विचार काही माझ्या डोक्यात आला नाही. त्या दिवशी चार वाजता मांडवात गेलो तर मंचाच्या कडेला चाचांचं यंत्र मांडलेलं, आणि चाचांना ताप म्हणून यंत्रापाशी बसलेला माझा दोस्त. मला बघून खूश झाला. म्हणाला, "तुझी कविता हाय म्हनं आज. सांगितलं न्हाईस बे?"

माझं नाव पुकारलं. मी वाचू लागलो. पहिल्या दोन ओळी त्याला कळल्या नाहीत, तो तारा नीट करत होता. मग ती ओळ आली:

*खाली उतर म्हणती सारे, पण वात अजून ओली आहे.*

त्या गाण्यातली त्याची सगळ्यात लाडकी ओळ. तिचा अर्थ, की दिव्यात तेल आहे तोवर ती उतरणार नाही, त्यानं माझ्याकडून चारदा समजून घेतला होता. त्यानं वर पाहिलं आणि मग तो माझ्याकडे बघतच राहिला. माझा आवाज खाली खाली जायला लागला. मागच्या रांगेतून कुणीतरी "ऐकू येत नाही" म्हणालं. दोस्तानं हात पुढे करून बटण फिरवलं आणि माझा आवाज वाढवला. टाळ्या पडल्या. त्या अजूनही माझ्या अंगावर येतात.

तो मला बोलला असता, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा फळीवर बसला होता. मी आपला नेहमीचा सूर लावून पाहिला, की ही पेटी चर्चमधली वाटत नाही बुवा. तो म्हणाला, "आसंल की."

ढोलवाल्यानं माग कधीच ऐकलेला नाही, असं मी म्हटलं. "आसंल की."

महिनाभर हेच. मी काय वाटेल ते बोलावं आणि त्यानं मान्य करावं. एकदा तर मी मुद्दाम म्हटलं, की ह्या बँडपेक्षा लग्नातला बँड बरा. तेव्हाही आसंल की. त्या दोन शब्दांची मला धास्ती बसली. इतक्या वर्षांत मला त्याच्याइतकं नेटानं खोडून काढणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि ते मी एका कवितेपायी घालवून बसलो होतो. रडू यायचं, पण कॉलेजात मी आता कवी होतो, त्यामुळे लोकांना ते शोभून दिसायचं.

शेवटी एका दुपारी त्याच्या घरी गेलो. तो एकटाच ग्राफवर बसला होता. कागदावर कव्हरवरची ती बाई उतरत होती, चौकोनाचौकोनानं, हातात दिवा. किनार अजून कोरी होती.

मी म्हटलं, "ती कविता माझी नाही."

"म्हाईत हाय." त्यानं पेन्सिल खाली ठेवली नाही. "गानं घेतलंस त्याचं काय न्हाई बे. आमी पन घेतो. पन माइकवर उभा ऱ्हायलास आन त्येंचं नाव घेतलं न्हाईस. आन हितं येऊन मला सांगायचास, त्ये चोर हायत म्हनून. मी त्येंच्याकडनं भांडायचो. तुझ्यासंगं."

वार्षिक अंक अजून छापखान्यात होता, कारण त्यात संमेलनाचे फोटो जायचे होते. मी तसाच उठून प्राध्यापकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. कविता काढून टाकली तर पान रिकामं राहील म्हणाले, आणि कागदाच्या चिठ्ठीवर एक ओळ लिहून माझ्यासमोरच छापखान्यात पाठवली. कोकणाबद्दल पुन्हा विचारलं नाही.

अंक हातात पडला तसा दोस्ताकडे नेला. माझ्या नावाखाली बारीक टायपात छापलं होतं: एका इंग्रजी गाण्यावरून. त्यानं कविता वाचली, मग ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे चूक हाय," तो म्हणाला.

"काय चूक आहे?"

"इंग्रजी म्हनून काय छापलंय? सांगितलं की तुला, ही बाई आमच्या आईच्या गान्यातली हाय. त्यांनीच तिथनं घेतली."

"पुरावा दे," मी म्हटलं. महिनाभरानं तो मला पुन्हा खोडून काढत होता.

त्यानं आईला हाक मारली.