शंकरच्या पाठीवरचे वण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मार्गासनीत मला अजून 'फौजी' म्हणतात, झेंडावंदनाला पुढच्या खुर्चीवर बसवतात — आणि मी बसतो.

एकाहत्तरच्या लढाईत मी आणि वरवे बुद्रुकचा शंकर एकाच तुकडीत होतो. पकडलेही एकत्रच गेलो. कैदेतली उपासमार, थंडी, बुटाच्या लाथा — सगळं गावात सांगून झालंय. शाळेतल्या पोरांनाही. एक दुपार तेवढी गाळत आलो.

त्या दुपारी पहारेकऱ्याने बक्कलाचा पट्टा शंकरच्या हातात दिला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. याला मार. शंकरने पट्टा खाली टाकला. "म्या न्हाई मारणार," म्हणाला. "माझं काय करायचं ते करा."

मग तो पट्टा माझ्या हातात आला.

मलाही टाकता आला असता — नाही का? मी मारलं. पहिला फटका हळूच. पहारेकरी हसला, तसा दुसरा जोरात. शंकर ओरडेना. त्याचं ते गप्प राहणं मला सोसेना, मला राग आला — हो, त्याचाच. शेवटी पहारेकरी "बस" म्हणाला. त्यानंतरही मी मारलं.

सुटून आलो. भातलावणीत सगळे उघडे असले तरी शंकरने कधी सदरा काढला नाही. नसरापूरच्या स्टँडवर भेटला की चहा पाजायचा, पोरांची चौकशी करायचा. त्या दुपारबद्दल अवाक्षर नाही. आणि मी? दर वेळी मनात एकच — याने घरी सांगितलं असेल का?

गेल्या महिन्यात शंकर गेला. तेराव्याला त्याच्या बायकोने, सरूवहिनीने, मला बाजूला घेतलं.

"भावजी, पाठ चोळताना लई येळा इचारलं, ह्ये वण कुणी उठवलं. कदी बोलले न्हाईत. तुमी व्हता ना तितं? कोण व्हता त्यो?"

म्हणजे त्याने सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मला हायसं वाटलं — तेही कबूल करतो.

"तिकडचा एक पहारेकरी," मी म्हणालो.

तिने डोळ्यांना पदर लावला. "तुमी संगं व्हता म्हणून माघारी आले ते," म्हणाली, आणि मला हात जोडले.

मी जोडू दिले. मग पंगतीत जाऊन बसलो, आणि पोटभर जेवलो.