इस्त्रीचा डाग

आमची आत्या बरीच वर्षं भुतावर पोट भरत होती. हे सांगितलं की लोक हसतात, पण यात खोटं काही नाही. शहरातलं सगळ्यात जुनं हॉटेल आता नुसतं बघायला ठेवलंय. तिथे तिकीट काढून आलेल्यांना आत्या मजल्यामजल्यावर फिरवायची. झुंबरं बघून लोक जांभया द्यायचे. खरी गर्दी तळघरातल्या इस्त्रीच्या खोलीत, कारण तिथे भूत होतं.

भुताची गोष्ट व्यवस्थापकाने पढवलेली. इस्त्री करणारी एक तरुण बाई कुणाच्या तरी प्रेमात वेडी झाली, त्याच्या विचारात गरम इस्त्री टेबलावरच विसरली आणि माळ्यावर जाऊन तिने गळफास घेतला. टेबलावर इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग अजून आहे. कापड करपल्याचा वासही येतो म्हणे. आत्या इथे आवाज खाली आणायची आणि हटकून कुणाला तरी तो वास यायचा. माणसाच्या नाकावर माझा तेव्हापासून विश्वास उरलेला नाही.

अडचण एवढीच, की ती बाई आत्याची सख्खी मावशी होती, म्हणजे माझ्या आजीची थोरली बहीण. आणि तिने गळफास घेतला नव्हता. हॉटेलमालकाच्या धाकट्या भावाने तिला ओढत वर नेलं, गळा दाबला आणि मग टांगलं. पुढे त्याने दुसऱ्या एका कामवालीचा गळा धरला. ती वाचली, कोर्टात बोलली, तेव्हा त्याने पहिला खूनही कबूल केला आणि जन्मठेप भोगली. पेपरात सगळं छापून आलं होतं. पण तोवर गळफासाची गोष्ट गावभर झाली होती आणि लोकांना तीच आवडली होती.

नोकरी धरली तेव्हा आत्याने व्यवस्थापकाला हे सांगून पाहिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, खून ऐकून लोक हळहळतात आणि घरी जातात, भुतासाठी परत येतात. आत्याचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. तिने मुकाट्याने गोष्ट पाठ केली. आजीला मात्र सांगून ठेवलं, मी झुंबरं दाखवते.

आणि एक दिवस आजीने फर्मान काढलं, मला तुझं काम बघायचंय. आत्याने पायऱ्या फार आहेत, दम लागेल, असं काय काय सांगून पाहिलं. आजीने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. रविवारी दुपारी मीच तिला हाताला धरून नेलं. आम्हाला बघून आत्याचा चेहरा उतरला. गोष्ट सांगावी तर आईच्या काळजाला घरं पडणार, न सांगावी तर नोकरी जाणार, कारण गर्दीचा दिवस म्हणून व्यवस्थापक मागेच उभा.

शेवटी आत्याने गोष्ट सुरू केली. प्रेम, वेड वगैरे आजीने ऐकून घेतलं. "इस्त्री टेबलावरच विसरली" हे आलं तशी ती पुढे झाली आणि तिने डागावर हात ठेवला.

"ताई विसरणारी नव्हती," आजी म्हणाली. "कपडा नुसता उलटायचा असला तरी इस्त्री आधी तिवईवर ठेवायची. मी एकदा ठेवली नाही म्हणून तिने माझ्या हातावर फटका मारला होता. तिची इस्त्री टेबलावर राहिली, कारण तिला त्याने ओढत नेलं."

तिवई तिथेच होती, टेबलाच्या कोपऱ्यात. लोखंडाची, तीन पायांची. इतक्या वर्षांत तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, आत्यानेसुद्धा.

सगळे आत्याकडे बघायला लागले. एका बाईने हळूच विचारलं, या आजी त्या भुताला ओळखत होत्या का?

"ती भूत नाही," आत्या म्हणाली. "माझी मावशी आहे. तिचा खून झाला."

मग तिने खुन्याचं नाव घेतलं, आडनावासकट. तेच आडनाव हॉटेलच्या दारावर कोरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली. मला त्याचा राग आला होता, अजून आहे. आत्या आता आजीच्या जुन्या जड इस्त्रीने आळीतल्यांचे कपडे करते. कसंबसं भागतं.

परवा फोन वाजला आणि आत्या इस्त्री शर्टावर तशीच ठेवून उठली. आजीने काठी टेकत येऊन आधी इस्त्री तिवईवर ठेवली, मग आत्याच्या हातावर एक फटका दिला. पन्नाशीची आत्या हात चोळत हसली, आणि मग आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली.