पापडांबरोबर वाळलेला गवई

आमच्या धारवाडात तेव्हा भाजी निवडतानासुद्धा लोक कोमल गंधारावर भांडायचे. आणि मी, अशाच एका घरची नवी सून, चोरून डिस्को नाचायचे! सत्तरचं दशक सरत आलं होतं. मुंबईच्या माझ्या धाकट्या भावानं एका अमेरिकन गवयाची एलपी पाठवली होती. गवई प्रेमात पोळल्यासारखा विव्हळायचा आणि मागे ढोल असे बडवायचे, की म्हशीनंही कंबर हलवावी. मीही हलवायचे. बघणाऱ्याला फार फरक वाटला नसता.

सासूबाईंचा दंडकच होता, घरच्या रेकॉर्ड-प्लेअरवर ख्यालाशिवाय काही वाजायचं नाही. म्हणून त्या देवळात गेल्या, की माझा गवई बाहेर यायचा.

एकदा भर उन्हाळ्यात त्या लवकर परतल्या. मी एलपी उचलून गच्चीवर पळाले, पापडांच्या लुगड्याखाली सरकवली आणि साळसूदपणे खाली आले. त्यांनी लगेच लाटायला बसवलं, ते उन्हं कलेपर्यंत. पापड काढायला मात्र स्वतः गेल्या आणि एलपी घेऊनच उतरल्या. तिच्या कडा उडदाच्या पापडासारख्या वर वळलेल्या.

"हे काय गं?"

"ख्यालच आहे, आई. तिकडचा."

"मग लाव की."

संपलं! आता एलपी भंगारात जाणार, बहुतेक माझ्यासकट. सुई तळ्यातल्या होडीसारखी वरखाली होऊ लागली. गवयाचा सूर थरथरत चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. सासूबाईंनी डोळे मिटले. मग मांडीवर थाप मारली.

"अय्य! सुरावर काय आंदोलन घेतोय गं! पण तबलजी एवढा का चिडलाय?"

"तिकडं थंडी असते ना. हात गरम ठेवावे लागतात."

"खरंय बाई."

त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर गवई राजरोस गाऊ लागला. केलगेरीच्या मावशी तर खास त्याच्यासाठी यायच्या आणि "वा!" म्हणत मान डोलवायच्या.

दिवाळीला भाऊ आला. वाकडी एलपी बघून कळवळला. "अक्का, काय अवस्था केलीस ही!" पुढल्या खेपेला तो तीच एलपी, कोरी करकरीत, घेऊन आला आणि कौतुकानं लावली. सासूबाई कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या.

"हा त्याचा धाकटा भाऊ वाटतं. गळा आहे, पण रियाज नाही. थोरल्यालाच लाव गं."

"अहो, पण तो—" भावानं तोंड उघडलं. मी त्यात अख्खा पापड कोंबला.