कोणाचं पाणी जाईल?

नसीम मॅडमसमोर ऑफिसात कुठलंही क्रियापद सहज उच्चारायची सोय नव्हती. बंद करू, चालू करू, पुसून टाकू, काहीही म्हणा, त्या कीबोर्डवरचे हात काढून घेत आणि विचारत, "कोणाचं पाणी जाईल?" पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंना ऐकायला कमी येत असावं. मी सर्व्हरबद्दल बोलतोय आणि ह्या पाण्याबद्दल!

खरी गोष्ट अशी, की आमच्याकडे येण्याआधी मॅडम पुंडलिकनगरातल्या एका टँकरवाल्याच्या कचेरीत फोन सांभाळत. एका गल्लीत जास्तीचा टँकर वळवला की दुसऱ्या गल्लीतले हंडे कोरडे राहतात, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. नव्या ड्रायव्हरला त्या असा कागद लिहून देत की तो फाटक, कुत्रा आणि टाकीचं झाकण कुठे आहे हे विचारायलाही खाली उतरत नसे. आमचा मालक, ज्याला सगळे दादा म्हणत, त्याच टँकरवाल्याचं गिऱ्हाईक. असला एक कागद त्याच्या हाती पडला आणि त्याने बाईंना थेट नोकरीच देऊ केली.

आमचं काम तेव्हा नवीन होतं. पोरं जिथे जमून ऑनलाइन गेम खेळतात ते सर्व्हर माणसाऐवजी एआय एजंटने, म्हणजे स्वतःच ठरवून काम करणाऱ्या प्रोग्रामने सांभाळावेत, म्हणून आम्ही त्याच्यासाठी टूल्स, म्हणजे बंद-चालू करायची अवजारं बनवत होतो. टूल्स मी लिहायचो. कुठलं टूल कधी वापरायचं, हे एजंटला समजावणारी पानं मॅडम लिहायच्या. एजंट ती पानं वाचूनच कामाला लागतो, त्याला दुसरं कोण सांगणार?

मला त्या पानांचा मनापासून कंटाळा होता. एकदा मी घाईत लिहून टाकलं, 'गरज असल्यास योग्य वेळी सर्व्हर रिस्टार्ट करा.' मॅडमनी मला खुर्चीसकट ओढून घेतलं. "गरज कोणाची, बेटा? आन् योग्य वेळ म्हंजे किती वाजता? मी ड्रायव्हरला योग्य वेळी जा म्हणलं असतं, तर लोकांनी कचेरी फोडली असती." मग त्यांनी माझ्या एका ओळीचं अख्खं पान केलं: आत कोण आहे ते बघ, त्यांना पाच मिनिटं आधी सांग, गेममधल्या जगाची प्रत काढ, मग थांब, आणि मगच बंद कर.

टूल तपासताना त्या स्वतः सरावाच्या सर्व्हरवरच्या गेममध्ये खेळाडू म्हणून जाऊन उभ्या राहत. आयुष्यात कधी गेम खेळल्या नव्हत्या. "आत कोणीतरी पायजे. रिकाम्या गल्लीत टँकर काय, कुठंबी जातो," असं म्हणत, आणि उभ्या आहोत तर काहीतरी करावं म्हणून तिथे ठोकळ्यावर ठोकळा रचून हौद बांधत.

तेवढ्यात पुण्याची एक गेम कंपनी चाचणी घ्यायला तयार झाली. हे काम मिळालं नाही तर दिवाळीनंतर ऑफिस बंद, हे दादाने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. त्यात त्याला मॅडमची लांबलचक पानं नको होती. "मॅडम, एजंट हुशार असतो. एका टूलला एक ओळ बास."

"हुशार तर आमचे ड्रायव्हरबी व्हते, दादा. हुशारच लई चुकायचे. विचारायचेच नाय ना कोणाला."

दादा ऐकेना, आणि मी दादाच्या बाजूने. चाचणीच्या आदल्या दुपारी माझ्या एक-ओळी पानांवर रंगीत तालीम केली. सर्व्हर जरा मंदावला. एजंटने दुसऱ्याच क्षणी रिस्टार्ट मारला. आत मॅडम होत्या. शेवटची प्रत सकाळची, त्यामुळे सकाळपासून रचलेला हौद गेला. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्या नुसत्या म्हणाल्या, "हौद गेला त्याचं काय नाय. सांगितलं नाय, त्याचं वाईट वाटलं." मी त्यांची सगळी पानं जशीच्या तशी परत लावली. दादाही म्हणाला, "लाव."

चाचणीच्या दिवशी सर्व्हरवर सदतीस पोरं खेळत होती, आणि कंपनीने तो मुद्दाम मंद केला. एजंटने आत कोण आहे ते बघितलं, सूचना दिली, प्रत काढली आणि थांबला. नुसता थांबला. व्हिडिओ कॉलवर चाचणी घेणाऱ्या पुण्याच्या बाई घड्याळ बघत होत्या.  दादाने न राहवून कीबोर्डकडे हात नेला तेवढ्यात मॅडम कडाडल्या, "हात लावू नका! पाच मिनिटं लिवलंय, पाच मिनिटं थांबणारच ते."

पाच मिनिटं झाली. सर्व्हर बंद झाला, चालू झाला, आणि सगळी पोरं परत आली. एकाचाही किल्ला पडला नव्हता. एका पोराने लिहिलं, 'आधी सांगितलं, भारी वाटलं.' पुण्याच्या बाईंनी विचारलं, "ही पानं कोणी लिहिली?" दादा आणि मी, दोघांनी एकदमच मॅडमकडे बोट दाखवलं. त्या दिवशी ऑफिसातल्या आम्ही सहा जणांनी मिळून दीड किलो इमरती संपवली. मला इतका आनंद पुढे पगारवाढीनेही झाला नाही.

काम तर मिळालंच, वर त्या कंपनीने मॅडमनाही मागून घेतलं. पुण्याला, बऱ्याच मोठ्या हुद्द्यावर. दादाने जड मनाने आणि मोठ्या अभिमानाने त्यांना सोडलं.

त्यांच्या शेवटच्या दुपारी जुना सराव सर्व्हर कायमचा बंद करायचा होता. मी एजंटला तसं सांगितलं. उत्तर आलं, 'आत एक खेळाडू आहे: नसीम. सूचना दिली आहे. पाच मिनिटं थांबतो.'

मी वळून बघितलं. खांद्याला पर्स लावून मॅडम माउस धरून बसल्या होत्या. "मुद्दाम आत गेले," त्या म्हणाल्या. "बघत व्हते, मला सांगतंय का नाय." त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "सांगितलं की रे त्यानं!"

ती पाच मिनिटं ऑफिसात कोणी काम केलं नाही. मग त्या गेममधून बाहेर पडल्या, आणि एजंटने लिहिलं, 'आत आता कोणी नाही. प्रत ठेवली आहे. बंद करतो.'

ती प्रत माझ्याकडे आहे. उघडली की समोर मॅडमनी नव्याने बांधलेला हौद दिसतो, काठोकाठ भरलेला.