कैलासाच्या वाटेवर एक वरात

कैलास-मानसरोवराला जायचं तर उंचीची, थंडीची आणि घोड्याची सवय लागते. मे महिन्यातल्या भोपाळात यांपैकी फक्त घोडा मिळतो.

घोड्याची गरज खरं म्हणजे शालूला, माझ्या बायकोला होती. गुडघ्यांमुळे कैलासाची परिक्रमा पायी करणं तिला जमणारं नव्हतं. आणि मानसरोवर हे स्वप्न मूळचं तिचंच! मी बरखेड्याच्या कारखान्यात टर्बाइन जुळवत होतो तेव्हापासून ती म्हणायची, "एकदा ते निळं पाणी बघायचंय हो." मी निवृत्त झालो, आम्ही शाहपुऱ्यात राहायला आलो, यात्रेला नावं दिली, आणि ऐनवेळी तीच कच खायला लागली.

"मी घोड्यावरून पडले तर?"

"घोड्यावरून कधी कोणी पडतं का?" (पडतात. पण नवऱ्याने काही गोष्टी ठामपणे बोलायच्या असतात.)

"मग आधी तुम्ही बसून दाखवा. नीट बसलात तर मी येते. नाहीतर आपण आपले ओंकारेश्वरला जाऊन येऊ."

झालं! तिचं एवढ्या वर्षांचं स्वप्न आता माझ्या बैठकीवर येऊन ठेपलं. मला मात्र काडीचीही शंका नव्हती. टर्बाइनपुढे घोडा म्हणजे काय? त्याला तर फिरणारे भागही कमी!

बिट्टन मार्केटातल्या आमच्या भाजीवाल्याने रफीकभाईंचं नाव सुचवलं. ते लग्नाच्या वरातींना घोडी पुरवायचे. मी घोडी मागितल्यावर त्यांनी मला टकलापासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"को खां, इस उमर में? दूसरी कर रिये हो क्या?"

"नहीं भाई, कैलास जा रहा हूँ!"

"तो चांदनी को ले जाओ साब. गाय हेगी, गाय!"

ठरल्या संध्याकाळी रफीकभाई चांदनीला घेऊन शाहपुरा तलावावर आले. मीही आलो, पण पूर्ण तयारीनिशी. सराव करायचा तर तो अस्सलच करायचा, म्हणून मी पिसांचं जाड जाकीट, लोकरी हातमोजे, माकडटोपी आणि बर्फात घालायचा काळा चष्मा असा सगळा सरंजाम अंगावर चढवला होता. भोपाळ तव्यासारखं तापलेलं. मला बघून तलावावर फिरायला आलेली माणसं बाजूला सरकून वाट देत होती. (आदरच असणार.)

रफीकभाईंनी खालून ढकललं, मी वर झेपावलो, आणि शालूने डोळे मिटून घेतले. तिने ते उघडले तेव्हा मी घोडीवर होतो आणि माझं तोंडही घोडीच्याच दिशेला होतं! पहिली फेरी तर इतकी झकास झाली की मी एक हात सोडून लोकांना नमस्कार करायला लागलो.

"बघ शालू! आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतंय!"

"बोलू नका, लगाम धरा!"

माझा आत्मविश्वास पाहून रफीकभाई निर्धास्त झाले आणि पान खायला गेले. आणि नेमका तेव्हाच रस्त्यापलीकडच्या मॅरेज गार्डनमध्ये बँड सुरू झाला.

चांदनीचे कान उभे राहिले. मग मान. मग तिने एक पाय उचलला, ठेवला, दुसरा उचलला... घोडी नाचायला लागली हो! मी "रुक, रुक" म्हणालो. ती रुकली नाही. मी मराठीत "थांब गं बाई" म्हणून पाहिलं. तिने ऐटीत रस्ता ओलांडला. सगळ्या गाड्या थांबल्या, कारण वरातीच्या घोडीला हॉर्न कोण वाजवणार?

गार्डनच्या फाटकाशी वधूपक्ष आरत्या घेऊन वरातीची वाट पाहत उभा होता. चांदनी लाल गालिच्यावरून थेट फुलांच्या कमानीखाली गेली आणि पुतळ्यासारखी उभी राहिली. तिचं काम झालं होतं!

बँडवाले जोरात आले. एका मावशींनी मला ओवाळलं आणि टिळा लावायला कपाळ शोधलं. ते माकडटोपीत होतं, म्हणून त्यांनी तो चष्म्यावर लावला.

"दूल्हा मुँह क्यों छुपाए है?" मागून कुणीतरी विचारलं.

"आजकल यही फ़ैशन है," दुसऱ्याने सांगितलं.

मी घाईघाईने टोपी काढली. माझं चकचकीत टक्कल आणि पिकल्या मिशा पाहून बँड मध्येच बंद पडला. वधूची आजी तेवढी हिंमत न हरता म्हणाली, "दूल्हे के दादाजी होंगे. उतारो इनको!"

पण उतरणार कसा? माझा बूट रिकिबीत अडकलेला आणि जाकीट इतकं फुगलेलं की मला स्वतःचे पायही दिसत नव्हते. तिघाचौघांनी मला ओढलं, तशी चांदनी बिथरून गोल फिरायला लागली आणि मी तिच्या मानेला मिठी मारली. मागे खऱ्या नवरदेवाची गाडी येऊन थांबली होती, आणि तो आत बसून आपल्या जागी चाललेला हा प्रकार बघत होता.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "हटिए! ये मेरे हैं!"

शालू! गुडघेदुखीवाली शालू चक्क रस्ता ओलांडून धावत आली होती. तिने लगाम हातात घेतला, चांदनीच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चल गं, चल माझी बाय. घाबरू नको." आणि ती घोडी, जी माझं हिंदी-मराठी काहीच ऐकत नव्हती, मान खाली घालून शालूच्या मागे निघाली. वर मी, चष्म्याला कुंकू लावून.

तलावावर पोचल्यावर रफीकभाईंनी मला सोडवून खाली घेतलं. मी मान खाली घालून म्हणालो, "चल, ओंकारेश्वरची तिकिटं काढतो."

शालू अजून चांदनीची मान थोपटत होती. "कशाला? मला बसवा बघू वर."

"अगं, पण तू तर घाबरत होतीस?"

"तुम्हाला बघितलं आणि भीती गेली. याहून वाईट बसणं शक्यच नाही."

ती बसली. ताठ, शांत, जणू जन्मच घोडीवर गेलाय. तलावाला फेरी मारून आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की मला माझ्या अपमानाचं काहीच वाटेना. (थोडं वाटलं.)

त्याच पावसाळ्यात आम्ही गेलो. मानसरोवराच्या काठी शालू ते निळं पाणी बघत कितीतरी वेळ उभी राहिली. परिक्रमेत ती घोड्यावर बसून डोलमाची खिंड चढली. मी मात्र घोडा नाकारला आणि धापा टाकत, दर वळणावर बसत, सगळी वाट पायी तुडवली. आमच्या तुकडीतली माणसं आजही माझ्याबद्दल भारावून बोलतात, "काय ती श्रद्धा!"

मीही मान लववून म्हणतो, "सगळी त्याची कृपा." घोड्याची म्हणतोय की महादेवाची, ते अजून कुणी विचारलेलं नाही!