अक्काने सोडलेला कोपरा

पुण्याची गाडी सकाळी नामपल्लीला लागली आणि डब्याच्या दारातूनच मला श्रीनिवास दिसला. श्रीनिवास म्हणजे अक्काचा जावई. एरवी मी स्टेशनाबाहेर येऊन ऑटोवाल्याशी यथेच्छ भांडते आणि एकटीच नारायणगुड्याला घरी जाते. आणायला कोणी येण्याची आमच्यात पद्धत नाही. त्याने माझी पिशवी घेतली, जड नव्हती तरी दोन्ही हातांनी धरली, आणि म्हणाला, "चलो काकू, घर चलते." तेलुगू घरातला मुलगा, पण आमचा जावई झाल्यापासून माझ्याशी हट्टाने मोडकंतोडकं मराठीच बोलतो. त्या दिवशी तो हिंदीत बोलला आणि मला कळलं. तरी विचारलं, "अक्का?" त्याने नुसती मान हलवली. पहाटे तिने चहा मागितला होता म्हणे, मी नव्हते म्हणून सोबतीला आलेली तिची लेक मुक्ता तो करून आणेपर्यंत... कारमध्ये बसल्यावर मी त्याला काय विचारावं, तर मग तो चहा कोणी घेतला? अशा वेळी माणसाला काहीही सुचतं.

याला आता काही आठवडे झाले. कुसुमअक्का माझी थोरली जाऊ. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ती सरकारी बांधकाम खात्यात नकाशे उतरवून घेण्याच्या कामावर होती. इंजिनियरांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ताणायचा आणि शाईने जसाच्या तसा दुसरा काढायचा. कालवा, रस्ता, पूल, सगळं दुसऱ्याचं. रेघ आपली, पण ती कुठे वळायची ते दुसऱ्याने ठरवलेलं, असं ती एकदा म्हणाली होती. एकदाच, कारण एक गोष्ट दोनदा सांगायची तिला सवय नव्हती. मी शाळेत मराठी शिकवायचे. माझ्या तोंडाचा पट्टा वर्गात चालायचा तसाच घरीही चालायचा. सासूबाई म्हणायच्या, एकीच्या बोलण्यातून दोघींचं भागतंय. आमची जोडी सगळ्या नातेवाइकांत विजोड म्हणून प्रसिद्ध होती आणि आम्हा दोघींना ते मनातून आवडत असे.

अक्का निवृत्त झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिने येताना ऑफिसच्या रद्दीतून जुन्या नकाशांचा गठ्ठा विकत आणला होता, सोबत लाकडी फळी आणि पट्ट्याही. नकाशांची मागची बाजू कोरी होती. एका दुपारी चार वाजता मी चहा घेऊन खाली तिच्या खोलीत गेले, तर फळीवर एक कागद टाचलेला आणि त्यावर आमच्या स्वयंपाकघरातलं दुधाचं पातेलं, उतू जाण्याच्या बेतात असलेलं. नुसत्या काळ्या शाईत, पण बघता बघता गॅस बंद करायला हात पुढे जावा असं. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात तिने पट्टीने आखून एक चौकट रिकामी सोडली होती. ही कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नकाशात असते की. नावगाव लिहायला. मला काही सुचत नाही बाई, तू लिही." मी लगेच पेन काढलं. दूध, ऊब, संसार, सगळं यमकात बसवून ठसक्यात चार ओळी लिहिल्या. अक्काने त्या सावकाश वाचल्या आणि म्हणाली, "दूध तर मी काढलंच ना ग. परत तेच काय लिहायचं?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतक्या वर्षांची शिक्षिका मी, मला कविता कशी लिहावी ते जावेने सांगावं? पण वर जिना चढताना पटलं. चित्रात आहे ते शब्दांत आणायचं नाही आणि शब्दांत येईल ते तिने काढायचं नाही, हा आमचा नियम त्या दिवशी ठरला. दुसऱ्या दिवशी तिने गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी काढली. दोरीवर काही नव्हतं, फक्त एक चिमटा. मी बराच वेळ बघत बसले, चहा निवला, आणि मग चौकटीत लिहिलं:

पाहुणे गेले.
घर मोठं झालं,
उगाच.

अक्काने वाचलं आणि दुसरं बिस्किट माझ्या बशीत ठेवलं. तिच्याकडून आयुष्यात मिळालेली ती माझी पहिली शाबासकी.

मग ते रोजचंच झालं. भाजी निवडावी, देवापुढे दिवा लावावा, तसं चार वाजता चित्र आणि ओळी. कोणाला दाखवायचं नव्हतं, छापायचं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ऑटोत पाय वर करून झोपलेला ऑटोवाला, शेवग्याच्या शेंगांची जुडी, दवाखान्यातल्या बाकावरच्या चपला, प्रदर्शनाच्या मैदानातला थांबलेला पाळणा. मागच्या बाजूला कुठल्याशा तालुक्याचे कालवे आणि पुढे आमची चहाची भांडी. उन्हाकडे धरलं की दोन्ही एकदम दिसायचं. मी फार लिहायला लागले की अक्का जागेच्या बाबतीत हात आखडता घ्यायची. शाळेतल्या राजकारणाने मी फणफणत आले की चौकट काड्यापेटीएवढी. एकदा मी रागाने चौकटीबाहेर लिहिलं, पार चित्रातल्या खिडकीच्या गजांवर. दुसऱ्या दिवशी तिने जे काढलं त्यात चौकटीला कुलूप होतं. इतकी हसले मी, की सासूबाई काठी टेकत बघायला आल्या. आता तसं हसायला घरात कोणी नाही, हे लिहितानाही मला सहन होत नाही.

आमचे हे गेले त्या महिन्यात मी वरून खाली उतरलेच नाही. अक्का रोज चार वाजता वर यायची, बसायची, जायची. समजूत घातली नाही, देवाचं नाव काढलं नाही. एके दिवशी तिने एक कागद माझ्या उशाशी ठेवला. चित्र नव्हतंच. कागदाच्या चारी कडांना बारीक रेघ मारलेली, एवढंच; सगळा कागद म्हणजेच चौकट. मला एक शब्दही लिहिता आला नाही. चार दिवसांनी तिने तो कागद उचलला, पाठीमागे तारीख घातली आणि गठ्ठ्यात इतरांसारखाच ठेवून दिला. मी म्हटलं, अक्का, तो कोराच आहे. ती म्हणाली, "राहू दे. हेही आपलंच आहे." या बाईने माझ्याकडे माझ्या दुःखाचा हिशेब मागितला नाही, ते सजवायलाही लावलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणींनाही हे जमलं नव्हतं.

तिच्या मुलीला, मुक्ताला, चित्रं फार आवडतात. इंग्रजी शाळेत शिकलेली, आता सिकंदराबादला राहते. मराठी बोलते छान, पण वाचताना अक्षरं एकेक करून वेचते. "काकू, हे 'उ' आहे का 'अ'?" असं विचारत ओळ संपेपर्यंत कवितेचा जीव जायचा, म्हणून मी तिला वाचून दाखवायचे. ती ऐकायची, पण डोळे चित्रावर. मला त्याचा थोडा सल होता, खोटं कशाला बोलू? आमच्या त्या कागदांची खरी वाचक एकटी अक्का आणि खरी प्रेक्षक एकटी मी. दोघींतली एक गेली की दुसरीचं काय उरणार, हा प्रश्न माझ्या मनात आधीपासून होता, विशेषतः तिचे डोळे बिघडायला लागल्यापासून.

डोळ्याचा मागचा पडदा झिजला, असं डॉक्टर म्हणाले. बघते त्याच्या मधोमध धुरकट डाग, कडेचं तेवढं दिसे. समोर बसलेल्या माझा चेहरा तिला दिसायचा नाही, पण कानातलं दिसायचं. तरी तिने फळी सोडली नाही. जाड पेनं आणली, मोठं काढू लागली. चौकट मात्र रोज असायची, आता वाकडी, कधी दोन कोपरे जुळलेले नसायचे. मी त्यात मोठ्या अक्षरांत लिहायचे. ती कागद डोळ्यांपासून तिरका धरून वाचायचा प्रयत्न करायची आणि वाचल्यासारखं करून मान हलवायची. मला कळत होतं, तिलाही कळत होतं, आणि आम्ही दोघी ते चालवून घेत होतो.

मी पुण्याला मुलाकडे निघाले त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. अक्काने आमच्या गेटावरची मधुमालती काढली होती. वेल खालच्या कडेपासून वर गेलेली, घोस चारी बाजूंना लोंबणारे, एक बोटभर कागद मोकळा नाही. मी उजवा कोपरा शोधला. तिथेही फुलंच. तिला आता कळतच नसेल का, का विसरली? मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "अक्का, माझी जागा?"

"ठेवली नाही," ती म्हणाली.

मी पेनाला टोपण लावलं.

"मला वाचता येत नाही ना ग आता मालू. उगा किती दिवस मुंडी हलवू? लिहायचं नक्को. तू म्हण, मी ऐकते."

मग मी म्हटलं. दोन की तीन ओळी असतील. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "परत म्हण." मी परत म्हटलं, पण हातात कागद नसल्यामुळे शब्द थोडे इकडचे तिकडे झाले. तिने लगेच पकडलं. पहिलं बरं होतं म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून ते पहिलं आठवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि त्यावरच हसत राहिलो. पुण्याहून आलीस की दुसरं म्हण, असं ती म्हणाली. मी हो म्हणून बॅग भरायला वर गेले. तिच्याशी निवांत झालेलं तेच शेवटचं बोलणं. सकाळी गाडीच्या घाईत नुसतं 'येते', 'हो', झालं.

तेरावा झाल्यावर मुक्ताने गठ्ठा उघडला. आपल्या घरी लावायला एक चित्र हवं होतं तिला. जमिनीवर कागद पसरून ती खूप वेळ बघत राहिली आणि शेवटी मधुमालती उचलली. "काकू, हेच सगळ्यात कम्प्लीट वाटतं ना?" पोरीच्या मनात काही नव्हतं. आईच्या हातचं भरगच्च, हसरं चित्र ते, कोणीही तेच उचललं असतं. पण मला ते लागलं. इतक्या दुपारी मी ज्या कागदांवर लिहीत आले, त्यांतला जिथे मी नाही तोच पूर्ण? मी तोंडाने म्हटलं, ने की, तुझ्याच आईचं आहे. तिने माझ्याकडे बघितलं असावं, कारण लगेच विचारलं, यावर तू काही लिहिलंच नाहीस का? म्हटलं, होतं ग. तुझ्या आईला सांगितलं होतं. मुक्ताने कागद मांडीवर घेतला. मग तिने तो फळीवर नेऊन टाचला आणि म्हणाली, "असू दे इथेच. मला दुसरं दे, तुझ्या अक्षराचं. मी शिकते वाचायला." तिने कपड्यांच्या दोरीचं नेलं. शिकेल, न शिकेल... पण नेलं खरं.

मधुमालती अजून त्या फळीवर आहे. चार वाजता मी चहा घेऊन खाली जाते, माझ्या खुर्चीत बसते आणि त्या चित्राला काहीतरी म्हणते. रोजचं वेगळं असतं. मुक्ता फोनवर म्हणते, लिहून ठेव ना काकू, नाहीतर जाईल. मी लिहीत नाही. हे सगळं छापायला एवढं मोठं वर्तमानपत्राचं पान मिळालं असूनही इथे लिहीत नाही, कारण त्या ओळींना अक्काने कागदावर जागा ठेवलेली नाही, ऐकण्यात ठेवली होती. काल जमलं होतं, खरंच बरं जमलं होतं. म्हणून झालं आणि मी थोडा वेळ थांबले, कोणी 'परत म्हण' म्हणतंय का याची वाट बघत.